राज्यपाल मुदतीआधी गेले, तर खुर्चीवर कोण?

प्रश्न : आमच्या सरपंचांनी राजीनामा दिला तेव्हा उपसरपंचांनी लगेच कारभार हाती घेतला. राज्यपालांच्या हाताखाली असा ‘उप’ कोण असतो? नायब राज्यपाल म्हणतात ते हेच का? (एक वाचक, अमळनेर)

नाही. नायब राज्यपाल दिल्ली, पुदुच्चेरी, जम्मू-काश्मीर अशा केंद्रशासित प्रदेशांत असतात. राज्याच्या राज्यपालांना ‘उप’ नाही आणि त्यांच्यामागे ठरलेला वारसही नाही. राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर उपराष्ट्रपती आपोआप काम पाहू लागतात. राज्यपालांबाबत राज्यघटनेने तशी सोय केलेली नाही.

सगळे राष्ट्रपतींच्या आदेशावर चालते, आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. राज्यपाल राजीनामा देतात तो राष्ट्रपतींना उद्देशून, स्वतःच्या सहीने (अनुच्छेद १५६). मुख्यमंत्र्यांकडे किंवा विधानसभा अध्यक्षांकडे तो जात नाही. त्यानंतर दोन वाटा असतात. एक म्हणजे नव्या राज्यपालांची नेमणूक. दुसरी, कोणाकडे तरी तात्पुरते काम सोपवणे. अनुच्छेद १६० नुसार, घटनेत तरतूद नसलेल्या प्रसंगी राज्यपालांचे काम कोणी पाहावे हे राष्ट्रपती ठरवू शकतात.

पूर्वी हे काम बहुधा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे जायचे. डिसेंबर १९७६ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल अली यावर जंग पदावर असतानाच वारले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती आर. एम. कांटावाला यांनी काम पाहिले. त्यामुळे ‘राज्यपाल नसले की मुख्य न्यायमूर्ती’ असा नियमच आहे, असे पुष्कळांना वाटते. तो नियम नव्हे, रिवाज होता. आता बहुधा दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार देतात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून एकच व्यक्ती दोन किंवा अधिक राज्यांची राज्यपाल राहू शकते.

प्रश्न : प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी राजस्थानचे राज्यपालपद सोडले. कायद्याने ते सोडावेच लागते का? त्यांच्या जागी कोण आले? स्पर्धा परीक्षेच्या वर्गात यावर दोन मते पडली. (एक विद्यार्थिनी, चोपडा)

सोडावेच लागते असे नाही. लाभाचे पद (सरकारकडून पगार किंवा लाभ मिळणारे पद) असलेल्याला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवता येत नाही, हे खरे. पण अनुच्छेद ५८ च्या स्पष्टीकरणात राज्यपाल, मंत्री, उपराष्ट्रपती यांची पदे त्यातून वगळली आहेत. उपराष्ट्रपतिपदासाठी अनुच्छेद ६६ मध्ये अशीच सूट आहे. म्हणून दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात. जळगावच्या प्रतिभाताईंनी जून २००७ मध्ये, निवडणुकीआधीच, राजीनामा दिला. महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी मात्र ९ सप्टेंबर २०२५ रोजी उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक जिंकल्यावर पद सोडले. निवडून आल्यावर दोन्ही पदे ठेवता येत नाहीत, त्यावर वाद नाही. मतदानाआधी सोडणे हा औचित्याचा भाग, आणि आमच्या मते तेच अधिक शोभते.

प्रतिभाताईंनंतर राजस्थानात जे घडले त्यावरून ही सगळी पद्धत समजते. आधी हरियाणाचे राज्यपाल ए. आर. किडवाई यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार गेला. सप्टेंबर २००७ मध्ये एस. के. सिंह पूर्णवेळ राज्यपाल म्हणून आले, पण डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. मग हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल प्रभा राव यांच्याकडे कार्यभार आला, पुढे त्यांचीच तिथे नेमणूक झाली आणि एप्रिल २०१० मध्ये त्याही वारल्या. त्यानंतर पंजाबचे राज्यपाल शिवराज पाटील यांनी मे २०१२ पर्यंत दोन्ही राज्ये सांभाळली. म्हणजे अतिरिक्त कार्यभार दोन वर्षे चालला!

इथेच खरी उणीव आहे. राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते, राज्यपालपद किती दिवसांत भरावे याला मात्र मुदतच नाही. ती असायला हवी.

प्रश्न : मधेच आलेल्या राज्यपालांना उरलेलीच मुदत मिळते का? (एक वाचक, साक्री)

नाही. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सरपंचाला उरलेला काळ मिळतो. नव्या राज्यपालांची पाच वर्षे मात्र त्यांनी पदभार घेतल्यापासून नव्याने मोजतात. अर्थात पाच वर्षांची हमी कोणालाच नाही, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पद. तरी ही मर्जी मनमानीपणे फिरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सांगितले. शिवाय पाच वर्षे संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत जुने राज्यपालच काम पाहतात.

प्रश्न : राज्यपाल बदलताना आमची कामे अडतात का? मंजूर झालेले विधेयक, विद्यापीठाच्या नेमणुका, आदिवासी भागाच्या अधिसूचना? (एक वाचक, शहादा)

सरकार थांबत नाही. मंत्रिमंडळ कायम राहते, आदेश ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’च निघत राहतात. अडते ते राज्यपालांच्या सहीचे काम.

विधेयक संमतीसाठी गेले असेल तर ते रद्द होत नाही. नवे किंवा कार्यभार असलेले राज्यपाल त्याच फायलीवर निर्णय घेतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कुलपती राज्यपालच असल्याने कुलगुरूंची नेमणूक चालू असेल तर ती लांबू शकते. पदवी प्रमाणपत्र त्यामुळे अडत नाही, त्यावर कुलगुरूंची सही असते.

आता अधिसूचना. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके आणि शहादा-नंदुरबारमधली ठरावीक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे एखादा कायदा लागू करू नये किंवा फेरफार करून लागू करावा, अशी अधिसूचना पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपाल काढतात. आधी निघालेली अधिसूचना राज्यपाल बदलले म्हणून संपत नाही. नवी निघायची असेल तर ती शपथेनंतरच. नेमणूक जाहीर झाली म्हणजे अधिकार आले, असे समजू नका. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा राजीनामा स्वीकारून त्यांच्या जागी रमेश बैस यांची नेमणूक १२ फेब्रुवारी २०२३ रोजी जाहीर झाली, शपथ झाली १८ ला. अतिरिक्त कार्यभार असला तरी शपथ चुकत नाही. गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी १५ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रासाठी मुंबईत वेगळी शपथ घेतली.

निवेदन पाठवायचे असेल तर नाव न घालता पदाच्या नावे पाठवा : ‘मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य’. पोच घ्या आणि आवक क्रमांक जपून ठेवा. मधे माणूस बदलला तरी राज्यपालांच्या सचिवालयात त्याच क्रमांकावरून कागदाचा माग काढता येतो.