बेनिनमध्ये काजूचा कारखाना टाकावा का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गावची बी काही महिन्यांत संपते, मग आफ्रिकेतली घ्यावी लागते. आधी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाची बी सहज मिळायची, आता व्यापारी म्हणतात तिकडून बंद झाली. एक एजंट म्हणतो तिकडेच कारखाना टाका, जमीन परवानगी सगळं मी बघतो, फक्त निम्मे पैसे आधी द्या. आम्ही दोघे भाऊ मिळून पन्नास लाख काढू शकतो. काय करावं? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : दादा, आधी एजंटला एक रुपयाही देऊ नका, बाकीचं नंतर बोलू. बेनिनमध्ये कंपनीची नोंदणी सरकारी वेबसाइटवर होते, काही तासांत होते असं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेनेच सांगितलंय, त्यामुळे निम्मे पैसे आधी मागणारा माणूस तुम्हाला नक्की काय विकतोय हे त्यालाच विचारा.

व्यापारी मात्र खरं सांगतायत. 1 एप्रिल 2024 पासून बेनिनने कच्च्या काजू बीची निर्यात बंद केली, सोयाबीनचीही. कारण आपल्याला कळायला अवघड नाही, तिकडची बी वर्षानुवर्षं भारतात आणि व्हिएतनाममध्ये येऊन फुटायची, गराचा पैसा इकडे आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त बीचा भाव. म्हणून कोतोनू या तिथल्या सर्वात मोठ्या शहरापासून साधारण 45 किलोमीटरवर ग्लो-जिग्बे नावाची मोठी औद्योगिक वसाहत उभी केली, काजू, कापूस, सोया सगळं तिथेच प्रोसेस करायचं. कापूस तर या देशाचा जुना कणा, आफ्रिकेत पहिल्या काही देशांत नंबर लागतो.

तर संधी आहे का? आहे, पण पन्नास लाखांची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मशिनरी, शेड हा खर्च तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण खरा पैसा अडकतो तो बीमध्ये. हंगाम फेब्रुवारी ते जूनपर्यंतचा, त्यातच वर्षभराचा माल घेऊन सुकवून गोदामात ठेवायचा, म्हणजे गर विकून पैसे हातात येईपर्यंत व्याज तुमच्या डोक्यावर. त्यात आउटटर्न, म्हणजे पोत्यामागे किती गर निघतो ते. 80 किलोच्या पोत्यातून 48 पौंड गर निघायच्या ऐवजी 44 निघाला तर पोत्यामागे 1.8 किलो गेला, टनामागे साडेबावीस किलोच्या वर, आणि बी तर आधीच घेतलेली! आपल्याकडे बी हातात घेतली की तुम्हाला अंदाज येतो, तिकडे पाराकू शहराच्या बाजूला फ्रेंच बोलणाऱ्या दलालाकडून घेताना तो कसा येणार?

चलनाचं पण बघा. तिथलं चलन म्हणजे सीएफए फ्रँक, तो युरोला बांधलेला आहे, 1 युरोला 655.957, म्हणून लोक म्हणतात रिस्क नाही. पण गराचा सौदा डॉलरमध्ये, मजुरी फ्रँकमध्ये, म्हणजे युरो महागला की तुमचा खर्च वाढला. आणि 1994 च्या जानेवारीत याच फ्रँकची किंमत एका दिवसात निम्मी केली होती, हे जुन्या व्यापाऱ्यांना अजून आठवतं.

शेजाऱ्यांचंही लक्षात ठेवा, बेनिनचा बराच व्यापार नायजेरियाच्या जिवावर चालतो. आपला उकडा तांदूळ बेनिनला ढिगाने जातो, तो सगळा काही तिथली सव्वा-दीड कोटी माणसं खात नाहीत, बराच सीमेपलीकडे जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाने सीमा बंद केली ती 2020 च्या डिसेंबरपर्यंत, तेव्हा कोतोनूच्या बाजाराचे हाल झाले. उत्तरेकडे जिहादी हल्ले होतायत, आणि 7 डिसेंबर 2025 ला काही सैनिकांनी सत्ता हातात घ्यायचा प्रयत्न केला, तो त्याच दिवशी फसला. देश बुडतोय असं मुळीच नाही, वाढीचा दर चांगला आहे, पण जो एजंट यातलं काहीच सांगत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा.

मी तुमच्या जागी असते तर आधी एक भाऊ एका हंगामापुरता तिकडे पाठवला असता, दीड-दोन महिने. ग्लो-जिग्बेत आधीच चालू असलेले कारखाने बघावेत, त्यांना बी फोडायला आणि ग्रेडिंगला माणसं शिकवणारे लागतात, डब्ल्यू 240 आणि डब्ल्यू 320 हे गराच्या आकाराचे ग्रेड नजरेने वेगळे करणाऱ्या बायका तुमच्या कारखान्यात आहेत, ते ज्ञानही विकता येतं आणि त्यात पैसा बुडत नाही. नंतर खरंच पैसे लावायचे ठरलंच तर बँकेतून रीतसर पाठवा, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत चालतं, हवाला वगैरे नको. जाताना पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड जपून ठेवा, परत आल्यावर आपल्या विमानतळावरही तेच मागतात.

प्रश्न : मला कारखाना नको, पण बेनिन वाढतोय तर तिथले शेअर घेता येतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बेनिनचा स्वतःचा शेअर बाजार नाही, आठ देशांचा मिळून एक आहे, बीआरव्हीएम, तो आबिजानला. मोजक्याच कंपन्या, उलाढाल कमी, घेणं जमेल पण विकायच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. तिथल्या सरकारने 2021 मध्ये 50 कोटी युरोंचे बाँड काढले होते, पण ते मोठ्या संस्थांसाठी. पगारातून महिन्याला पाच-दहा हजार टाकणाऱ्याने यात पडू नये असंच मला वाटतं.