आग लागल्यावर मूल लपून बसते, तेव्हा

प्रश्न : आम्ही कांदिवलीला अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. दुपारी मी कामावर जाते तेव्हा मुले सासूबाईंजवळ असतात. त्यांना गुडघ्यांमुळे सारखे उठवत नाही आणि दारावर कोणीही येते, म्हणून मी बाहेरून कुलूप लावून निघते. गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आग लागली आणि जिना धुराने भरला. आग लवकर विझली, पण मुलगा पलंगाखाली जाऊन बसला होता आणि सासूबाईंनी कितीही हाका मारल्या तरी त्याने ओ दिली नाही. आता तो देवघरातल्या निरांजनालाही घाबरतो. त्याला आणखी न घाबरवता काय शिकवावे?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : मुलाने जे केले ते त्याच्या वयाला धरूनच आहे, त्यावरून त्याला बोलू नये. भ्यालेले मूल ओळखीच्या, अंधाऱ्या जागी शिरते, आणि धुराने भरलेल्या घरात जवानांना तेच मूल शोधणे सर्वांत अवघड जाते. म्हणून त्याचा पहिला धडा ‘लपायचे नाही, हाक आली की ओ द्यायची’ एवढाच असावा. मास्क आणि हवेचे सिलिंडर लावलेला जवान मुलांना भीतिदायक दिसतो, त्याचे चित्र आधीच दाखवून ठेवावे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, हे नऊ वर्षांच्या मुलाला अवश्य सांगावे. ही माणसे आपल्यासाठी येतात, हे त्याला उमगले पाहिजे.

मात्र मुलाला काही शिकवण्याआधी आपल्याला ते कुलूप काढावे लागेल, हे स्पष्टच सांगतो. बाहेरून बंद केलेल्या घरात कोणतीही शिकवण उपयोगाची नाही. आतून किल्लीशिवाय उघडणारे लॅच बसवावे, दाराला साखळी आणि पाहण्याचे भिंग लावावे, आणि दुसरी किल्ली शेजारी विश्वासाच्या घरी ठेवावी. खिडकीच्या ग्रिलचा एक भाग उघडणारा असावा आणि त्याच्या किल्लीची जागा सासूबाईंना ठाऊक असावी.

आता धुराविषयी. आगीत ज्वालांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. तापलेला धूर वर चढतो आणि इमारतीचा जिना धुराड्यासारखा काम करतो, म्हणून तळमजल्यावरच्या आगीचा धूर आपल्या मजल्यापर्यंत पोहोचला. यामुळेच ‘आग लागली की पळ’ एवढे शिकवणे अपुरे आहे. आग आपल्याच घरात असेल तर सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे, दार मागे ओढून घ्यावे आणि जिन्याने उतरावे. लिफ्ट कधीही वापरू नये. परंतु दार उघडताच जिन्यात दाट धूर दिसला तर आत परतावे, दार लावावे, फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि धूर नसलेल्या बाजूच्या खिडकीतून रंगीत कापड हलवावे. मुलाने १०१ वर फोन करून इमारत, विंग, मजला आणि जवळची खूण सांगावी आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये. हे वाक्य त्याच्याकडून घोकून घ्यावे, कारण घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही. आग विझवण्याची किंवा आजीला उचलून नेण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर मुळीच टाकू नये.

पाच वर्षांच्या मुलीला जमिनीलगत रांगणे आणि हाकेला ओ देणे, एवढेच पुरे. दिवे मालवून, एक हात भिंतीला लावत पलंगापासून दारापर्यंत रांगण्याचा खेळ दोघांनाही आवडेल. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, तोंड हातांनी झाकून जमिनीवर लोळावे. हा सराव गोधडीवर करता येतो. भाजल्यास नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे तो भाग धरावा. टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नये. गॅसचा वास आला तर बटणाला हात न लावता मोठ्यांना सांगून बाहेर जायचे, इतके मुलांना पुरते.

निरांजनाची भीती घालवायला ते त्याच्यापासून दूर ठेवू नये. सुती कपडे घालून, बाह्या दुमडून, आपल्या हाताखाली त्यालाच वात लावू द्यावी आणि पूजा झाल्यावर शांतही करू द्यावी.

पहिला सराव रविवारी, दिवसाउजेडी, सर्वजण घरी असताना करावा. त्या वेळीही मुलगा पलंगाखाली शिरलाच, तर त्याला ओढून काढू नये. सासूबाईंनी दारात उभे राहून त्याच्या नावाने हाक मारावी आणि तो ओ देऊन स्वतः रांगत बाहेर येईपर्यंत तिथेच थांबावे.