'तोमर' म्हणजे नेमकं कोणतं शस्त्र? साहित्यात तो कुठे येतो?

तुम्ही कादंबरीतलं "हत्तीवरून तोमरांचा वर्षाव झाला" हे वाक्य दिलंय. त्यातला तोमर म्हणजे फेकून मारायचा भाला. आडनावाशी सांगड घालू नका. ते दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या राजपूत घराण्याचं नाव.

मी अमळनेरकडचा. लहानपणी श्रावणात मारुतीच्या देवळात पांडवप्रतापाची पोथी लागायची. लढाईत शक्ती, शूल, परिघ, तोमर अशी नावं एका दमात जायची आणि मला वाटायचं, तोमर हा कुणी राक्षस असावा. शेवटी विचारलंच. पोथी सांगणारे बाबा म्हणाले, "तोमर म्हंजे फेकाना भाला रे भाऊ, हातमा धरीसन भोसकाना नही." पुढे कोश बरेच चाळले, पण एवढं नेमकं कुणी सांगितलं नाही. बहुतेक ठिकाणी नुसतं 'एक प्रकारचा भाला' लिहून मोकळे!

नीतिप्रकाशिका या शस्त्रांची माहिती देणाऱ्या संस्कृत ग्रंथात मात्र वर्णन आहे: लाकडी दांडा, लोखंडी डोकं, मागे शेपूट, लांबी तीन हात, रंग तांबडा. तीन हात म्हणजे साडेचार फूट, म्हणजे फेकायला बेताचा. कौटिल्याने अर्थशास्त्रात शक्ती, प्रास, कुंत, शूल यांच्या रांगेत तोमर घातलाय आणि सगळ्यांना मिळून 'हलमुख' म्हटलंय (काही प्रतींत 'हुलमुख'). हलमुख म्हणजे नांगराच्या फाळासारख्या तोंडाचं. लोहाराकडून नुकताच पाजवून आणलेला फाळ ज्याने हातात धरलाय, त्याला वेगळं चित्र काढून दाखवायची गरज नाही.

तुमच्या वाक्यातला हत्तीही बरोबर आहे. महाभारतात द्रोणपर्वात कौरवांच्या बाजूचा राजा भगदत्त आपल्या सुप्रतीक नावाच्या हत्तीवरून अर्जुनावर तोमरच फेकतो. आपल्या मराठी फौजेतला जवळचा भाऊ म्हणाल तर विटा. त्याला दोरी असायची, फेकला की ओढून परत हातात. तो चालवणारे ते विटेकरी.

गंमत म्हणजे तोमर नावाचा छंदही आहे. चरणात बारा मात्रा, शेवटी गुरू-लघू. तुलसीदासांनी रामचरितमानसात खर-दूषण राक्षसांच्या लढाईत तो वापरलाय: "तब चले बान कराल". मोजून बघा, दोन, तीन, तीन, चार. रावेर-बऱ्हाणपूरकडे मानसाचं पारायण ऐकलं असेल तर इथे चाल एकदम तुटक आणि वेगवान होते, ते लक्षात आलं असेल. भाल्यावरूनच छंदाला नाव पडलं असा दावा मी करणार नाही, पण लढाईत तो शोभतो खरा.

लिहिताना एक सांभाळा. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश तोमराला 'अस्त्रियाम्' म्हणतो, म्हणजे स्त्रीलिंगी सोडून. मराठीत 'तो तोमर, ते तोमर' लिहा. 'ती तोमर' नको.