कण, कुटुंबे आणि गट सिद्धांत

प्रश्न : गट सिद्धांत ही शुद्ध गणिताची शाखा असूनही कणभौतिकीत ‘एसयू(३)’सारख्या गटांची नावे सतत येतात. मूलकण म्हणजे अशा गटांचे घटक, असे समजावे काय?

उत्तर : नाही. येथे गटाचे घटक म्हणजे क्रिया असतात, कण नव्हेत. चौरस ९० अंशांतून फिरवला तरी तसाच दिसतो. अशा सर्व क्रियांचा गट होतो, कारण लागोपाठ केलेल्या दोन क्रियांमधून त्यांच्यातलीच एखादी क्रिया मिळते आणि प्रत्येक क्रिया उलटवताही येते. कणभौतिकीत अशा क्रिया कणांच्या पुंज-अवस्थांवर घडतात. ज्या अवस्था या क्रियांमुळे एकमेकींत बदलतात, पण त्यांच्या बाहेर कधी जात नाहीत, त्यांचे एक कुटुंब बनते, आणि त्यात किती सदस्य असू शकतात हे गटाची रचनाच ठरवते. एसयू(३)च्या अविभाज्य कुटुंबांत १, ३, ६, ८ किंवा १० सदस्य असू शकतात; ४, ५ किंवा ९ कदापि नाही.

ही शेवटची अट वाटते त्याहून फार कडक आहे. १९६१ मध्ये मरे गेल-मान आणि युवाल नेमान या भौतिकशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तीव्र बलाने (अणुकेंद्रक एकत्र धरून ठेवणाऱ्या बलाने) बांधलेल्या कणांची मांडणी एसयू(३)नुसार केली. पुढच्याच वर्षी असे दिसले की नऊ कण दहांच्या कुटुंबात बसतात आणि एक जागा रिकामी राहते. हे नऊ कण डेल्टा, सिग्मा व शाय या तीन पायऱ्यांवर येतात; त्यांची वस्तुमाने साधारण १२३२, १३८५ आणि १५३० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे प्रत्येक पायरीला सुमारे १५० ची वाढ. त्यावरून गेल-मान यांनी दहाव्या कणाचा विद्युतभार ऋण एक आणि वस्तुमान १६८० च्या आसपास असेल, असे भाकीत केले. १९६४ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ओमेगा-ऋण कण सापडला. त्याचे आजचे मोजलेले वस्तुमान १६७२ आहे.

मात्र ही सममिती, म्हणजे एसयू(३)च्या क्रियांनी काहीच न बदलण्याचा गुण, ढोबळच होती. ती काटेकोर असती, तर दहाही कणांचे वस्तुमान सारखेच निघाले असते. पायऱ्या पडतात त्या, हे कण ज्या तीन प्रकारच्या क्वार्कांचे बनतात त्यांपैकी स्ट्रेंज क्वार्क इतर दोन क्वार्कांहून जड असल्यामुळे. क्वार्कांच्या ‘रंगा’चा (तीव्र बलाशी निगडित गुणधर्माचा, खऱ्या रंगाचा नव्हे) एसयू(३) हा वेगळा आणि आजच्या सिद्धांतानुसार अचूक गट असून क्वार्कांना बांधून ठेवणारे आठ ग्लुऑन कण त्यातून येतात. (दोन्हींना एकच नाव असल्याने विद्यार्थ्यांची गल्लत होते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.)

निसर्गाने कोणता गट निवडला आहे, हे मात्र गणित सांगत नाही. १९७४ मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी मांडलेल्या एसयू(५)मध्ये ज्ञात कण फार नेटकेपणाने बसतात, परंतु त्यानुसार प्रोटॉनचा क्षय व्हायला हवा; तो अद्याप आढळलेला नाही आणि त्या सिद्धांताचे सर्वांत साधे रूप त्यामुळे बाद झाले आहे.