फ्लेक्स करणाऱ्या नव्या पोराला

बाळा, रेडीमेड टेम्प्लेट उघडण्याआधी एकदा अजिंठ्याला जाऊन ये. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गड्यानं पुढं कॅमेराही हाती घेतला. हुबेहूब टिपायचं काम कॅमेऱ्यानं उचललं, तसे चित्रकार रंग-आकारांशी खेळायला मोकळे झाले, असं मला वाटतं. १९१९ ला जर्मनीत बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा निघाली. तिथं मोहोली-नॉज या शिक्षकानं फोटो आन् अक्षर एकाच मांडणीत बसवलं. तुझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र २२ चेहरे, अन् अक्षरं कोपऱ्यात गुदमरलेली! एकच चेहरा मोठा घे, बाकी जागा रिकामी सोड. गिऱ्हाईक कुरकुर करंल. त्याला दोन्ही नमुने कागदावर काढून दाखव, लांबून.