क्लोन झालं, पण अर्धी डिस्क कुठं गेली?

डिस्क बिघडलेली नाही, घाबरू नका. ५०० जीबीची डिस्क १ टीबीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) केलीत, म्हणजे जुनी मांडणी जशीच्या तशी उतरली. उरलेली ४६५ जीबी विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये काळ्या पट्टीखाली ‘अनअ‍ॅलोकेटेड’ म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली म्हणून पडून आहे. (१ टीबीच्या डिस्कवर एकूण ९३१ जीबीच दिसतात, विंडोजची मोजायची पद्धत वेगळी, ते बरोबर आहे. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.)

सध्या एवढंच बघा:

- जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. महिनाभर तरी फॉरमॅट नको.
- डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे लागून असेल तर दोन मिनिटांचं काम.
- पर्याय फिकट दिसतोय? मधे रिकव्हरीचं, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी राखलेलं, छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बसलंय. नवखे इथंच घाईनं ते उडवतात. मीही उडवलं होतं, मग विंडोज दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा कपाळाला हात!

ते पार्टिशन बाजूला सरकवायचं सॉफ्टवेअर मिळतं, पण खानापुरात पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा? मधेच गेली तर डेटाही गेला. यूपीएस नसेल तर त्या नादी लागू नका. काळ्या पट्टीवर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, नवा ड्राइव्ह तयार. फोटो, लग्नाचे व्हिडिओ तिकडं हलवा, सी आपोआप मोकळा होतोय बघा.