मॉर्मन आई-बाप मुलांना मिशनसाठी कसं तयार करतात?

अमेरिकेतल्या यूटामध्ये सहा वर्षं राहतोय, आजूबाजूला जवळपास सगळे मॉर्मनच (ख्रिश्चन धर्मातला एक पंथ), त्यामुळे जवळून बघितलंय. मिशन म्हणजे चर्चच्या वतीने घरापासून लांब राहून धर्मप्रचार करणं. तयारी म्हणजे नुसतं धर्मग्रंथाचं वाचन असं वाटत असेल तर तसं अजिबात नाहीये. मुलगा 18 चा झाला की 2 वर्षांसाठी जाऊ शकतो, कुठल्या देशात ते चर्च ठरवतं, आणि खर्च मात्र पोरानं किंवा घरच्यांनी करायचा बरं का, अमेरिकेतल्यांना 2020 पासून महिन्याला 500 डॉलर, म्हणून पोरं लहानपणापासूनच गल्ल्यात पैसे टाकतात, लोकांची लॉन कापतात वगैरे. आमच्या शेजारणीने तर पोराला वर्षभर आधीपासून स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लावले, एकदा पांढऱ्या शर्टची कॉलर इस्त्रीने जाळून बसला तरी ही बाई जागची हलली नाही, म्हणाली दुसरा घे आणि परत कर.

पण आई-बापालाच जास्त तयारी लागते असं माझं मत. 2019 च्या आधी तर घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, आता दर आठवड्याला करता येतो. आणि हो, जायचं नाही म्हणणारी पोरंही असतात, तिथे उघड कोणी काही बोलत नाही पण घरात वातावरण टाईट असतं.